‘बिनधास्त धुवा’ म्हणून विकलेली कातडी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक बाहेरगावचा विक्रेता केसांसकट कमावलेली बकऱ्याची कातडी घेऊन बसायचा. बाकांवर घालायला दोन घेतली, साडेतीन हजारांना. “पक्कं क्रोमचं काम आहे भाऊ, मशीनला टाका, काही होत नाही.” क्रोमचं म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं. बिल मागितलं तर म्हणे, पुढच्या शुक्रवारी देतो. वर आवाज खाली आणून, घुमट या गोव्याच्या वाद्यासाठी घोरपडीचं कातडंही मिळेल म्हणाला. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो थेट गुन्हा आहे. घुमटाला आता बकऱ्याचंच लावतात.

मे महिनाभर सगळं ठीक. पाऊस लागला तशी कातडी ओलसर, चिकट लागू लागली. मागच्या बाजूला बोट फिरवून जिभेला लावलं, तर चक्क खारट! एक धुतलं. वाळलं ते सुक्या बांगड्यासारखं कडक होऊन, आणि मानेकडचे केस मुठीने हातात येऊ लागले.

क्रोमबिम काही नव्हतं, तुरटी-मिठाचं घरगुती काम होतं. तुरटीतलं ॲल्युमिनियम कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाला सैलसरच धरतं. पाणी लागलं की सुटतं आणि कच्चं कातडं मागे उरतं. तुरटीचं पाणी आम्लधर्मी, त्याने कातडं फुगू नये म्हणून मीठ घालतात, आणि तेच मीठ पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढतं. पद्धत जुनी आणि चांगली आहे, कातडं पांढरं, मऊ होतं. पण ते कोरडंच ठेवायचं असतं. गोव्यात ते ‘धुवा’ म्हणून विकणं ही निव्वळ लबाडी.

जाब विचारला तर म्हणतो, “तुमच्या डिचोलीच्या पाण्यात लोह आहे, त्यानं गेलं.” लोहाने काळं पडतं ते बाभळीच्या सालीत कमावलेलं. माझं तर पांढरंफटक होतं.

मग दुसऱ्या कातड्याच्या कडेचा नखाएवढा तुकडा कापला. क्रोमचं न रंगवलेलं कातडं आतून निळसर दिसतं. हे आरपार पांढरं. शेजारच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी घेऊन तुकडा त्यात टाकला. चांगलं क्रोमचं कातडं उकळीतही तसंच राहतं. हा बघता बघता आक्रसून गोळा झाला. चहावाला हसला, विक्रेता पथारी आवरू लागला. पैसे मिळाले नाहीत. हल्ली तो फोंड्याकडे बसतो म्हणतात. घेणार असाल तर तुकडा आधी मागा, पैसे नंतर द्या.