‘हू डन इट?’ : बांधणी सुटली आणि पुस्तक मार्गी लागलं

विक्रेत्याने ‘व्हेरी गुड कंडिशन’ म्हणून माथी मारलेली सेकंडहँड प्रत. पहिल्याच पावसाळ्यात कण्यावरचा डिंक खपल्या धरून निघायला लागला, जबान्यांचा एक अख्खा गठ्ठा हातात आला. फोटो पाठवले, तर म्हणे रिटर्नची मुदत संपली. वर पुन्हा ‘रेटिंग द्या’चा मेसेज. दिलं की मग विक्रेत्याला, एक.

पुस्तक माहीत असेलच. जॉन शेस्काने जमवलेलं, २०१३ चं. हर्मन मिल्ड्यू नावाचा चीजवेडा, खडूस संपादक मेला आहे आणि संशयित कोण, तर मुलांसाठी नि किशोरांसाठी लिहिणारे ऐंशीहून जास्त खरेखुरे लेखक. लेमनी स्निकेट आहे, मो विलेम्स आहे, डेव्हिड लेव्हिथन आहे. प्रत्येकाने आपापली जबानी लिहून द्यायची.

आधी मी एका बैठकीत वाचायला घेतलं आणि वैतागलो. सगळ्यांच्या तोंडी तेच: मिल्ड्यूने माझं हस्तलिखित कसं छळलं, त्याला वास किती यायचा. आणि चीज, चीज, चीज! माझ्या बाबांची शाळकरी वर्षं अर्नाळकरांच्या झुंजारपायी गेली. त्यांनी दोन-चार जबान्या ऐकल्या नि विचारलं, “पुरावा कुठाय?” बरोबरच आहे. १९३१ मध्ये डिटेक्शन क्लबच्या, म्हणजे ब्रिटिश रहस्यकथाकारांच्या संघाच्या, मंडळींनी मिळून कादंबरी लिहिली, तेव्हा पुढच्या लेखकाला मागच्याचे धागे घ्यावेच लागत होते. इथे जो तो आपल्या पानापुरता राजा. रहस्य म्हणून पुस्तक पोकळच.

पण पानं सुटल्यावर गंमत झाली. गठ्ठे उलटसुलट लागले तरी काही बिघडेना. सुरुवात आणि शेवट तेवढा जागेवर ठेवायचा, मधलं कुठूनही वाचा. आता एक गठ्ठा बाबांच्या उशाशी, एक माझ्या ऑफिसच्या बॅगेत, उरलेला लेकीकडे. ती पेन्सिलीने प्रत्येक जबानीवर ‘थापाडा’, ‘महाथापाडा’ असे शेरे मारते. जेवताना भांडणं होतात ती यावरूनच. रोज एक-दोन जबान्या, त्याहून जास्त नको. तेवढ्यात चीजसुद्धा पचतं. तीन तारे देणार होतो, चार करतो. पाचवा बांधणीने खाल्ला.

एक खटकतं. पुस्तकाचे पैसे ब्रुकलिनच्या ‘८२६ एनवायसी’साठी आहेत. मुलांना लिहितं करणारी ही संस्था, आणि तिचं दुकान सुपरहिरोंच्या सामानाचं, अंगरखे वगैरे. माझ्या सेकंडहँड खरेदीतून तिथे छदाम गेला नाही, सगळा त्या मुदतवाल्याच्या खिशात. परवडत असेल तर नवंच घ्या.

माझी प्रत आता स्पायरल करणार. झेरॉक्सवाला पन्नास म्हणतोय, मी चाळीसवर अडून आहे.