दरडोई उत्पन्न की मानव विकास निर्देशांक?

देशाची प्रगती मोजताना ही दोन मापे सर्वाधिक वापरली जातात. दरडोई उत्पन्नाचे आकडे दरवर्षी मिळतात आणि १९६० नंतर दक्षिण कोरियाने घेतलेली झेप त्यांत स्पष्ट दिसते. मात्र त्या झेपेपूर्वी झालेली जमीनसुधारणा आणि प्राथमिक शिक्षणाचा प्रसार त्यांतून कळत नाही. शिवाय ही केवळ सरासरी आहे. विषुववृत्तीय गिनी या आफ्रिकी देशात १९९० च्या दशकात तेल सापडल्यावर दरडोई उत्पन्न झपाट्याने वाढले, परंतु १९७९ पासून सत्तेवर असलेल्या ओबियांग यांच्या राजवटीत त्या पैशाच्या मानाने आरोग्य आणि शिक्षण फार मागे राहिले, ही माझ्या मते या मापाची सर्वांत गंभीर उणीव आहे.

पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या सहकार्याने घडवलेला आणि १९९० पासून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाकडून प्रसिद्ध होणारा मानव विकास निर्देशांक आयुर्मान, शालेय शिक्षणाची वर्षे आणि उत्पन्न यांचा एकत्र विचार करतो. २०१० पासून तिन्ही घटकांच्या गुणाकाराचे घनमूळ घेतले जात असल्याने एका घटकातील दुबळेपणा दुसऱ्याच्या बळावर सहज झाकता येत नाही. विषमता त्यातही दिसत नाही. तिच्यासाठी वेगळा सुधारित निर्देशांक काढावा लागतो. देशादेशांच्या तुलनेसाठी मी हाच निर्देशांक निवडेन, पण प्रौढांच्या शिक्षणाची सरासरी बदलायला दशके लागत असल्याने अल्पकालीन वेगासाठी उत्पन्नाचेच आकडे पाहावे लागतात.