मॅसिडोनियन पाईकचा १५ मिमी संच, आठ महिन्यांनंतर: शिपाई देखणे, भाले टाकाऊ

हा संच पटावरच्या युद्धखेळातल्या १५ मिमी उंचीच्या धातूच्या शिपायांचा, अलेक्झांडरच्या पाईकवाल्यांचा, म्हणजे लांब भालेवाल्यांचा. चेहरे, ढाली, कोरीव काम याबद्दल बाकीच्यांनी लिहिलंय आणि ते खरं आहे. मला लिहायचंय ते भाल्यांबद्दल. डीबीए या युद्धखेळाच्या नियमांत अलेक्झांडरच्या १२ पैकी ६ तुकड्या पाईकच्या, प्रत्येकीत ४ शिपाई, म्हणजे २४ भाले. आठ महिन्यांत ९ तुटले, उरलेले सगळे वाकले.

भाला शिपायाबरोबरच व्हाइट मेटलमध्ये ओतलाय. हा कथिलाचा मऊ मिश्रधातू. डब्याचं झाकण टेकलं की वाकतो, सरळ करताना मुठीपाशी चीर पडते आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला तुकडा हातात येतो. विक्रेत्याशी दोन महिने वाद घातल्यावर सुटे भाले मिळाले, तेही त्याच धातूचे, ४० मिमीचे! ग्रीक लेखक थिओफ्रास्टस सर्वांत लांब सारिसा (मॅसिडोनियन पाईक) १२ हातांची सांगतो, म्हणजे १८ फूट. १५ मिमीच्या शिपायाला ती साधारण ५० मिमी हवी. ४० मिमीत फॅलँक्सची, म्हणजे भालेवाल्यांच्या दाट रांगांच्या व्यूहाची, जरब उरत नाही.

उपाय एकच, ०.५ मिमीची पियानो वायर, म्हणजे कडक पोलादी तार. सरळ तुकड्यांत मिळते तीच घ्या. गिटारची तार स्वस्त पडते, पण गुंडाळीचा बाक पुरता जात नाही. बारीक निपरने कापू नका, पात्याला खाच पडते. जाड वायर कटर वापरा, तार कापडात धरा आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, तुटलेलं टोक गोळीसारखं उडतं. ओतीव भाला मुठीच्या वर-खाली कापून टाका, सुईने खूण करा आणि हातड्रिलने ०.६ मिमीचं भोक पाडा. दर दोन फेऱ्यांनी बिट बाहेर काढून पुसा, नाहीतर मऊ धातू त्यात अडकतो आणि बिट मोडतं. तार ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून मगच प्रायमर मारा. सुपरग्लू ठिसूळ, धक्क्याने सुटतो. दोन ट्यूबवाला इपॉक्सी टिकतो. टोक कानशीने बोथट करा, बोटात खोल घुसतं.

पहिल्या महिन्यात माझं मत होतं की सगळे भाले पुढे रोखलेलेच हवेत. ते मी बदललंय. बेस, म्हणजे तुकडी चिकटवायची पट्टी, ४० बाय १५ मिमीचा. मागच्या तुकडीचे आडवे भाले पुढच्यांच्या पाठीला अडतात, बेसला बेस टेकत नाही, आणि मागे दुसरी पाईक तुकडी असल्याचे लढाईतले ३ जादा गुण (+३) तर टेकल्याशिवाय मिळत नाहीत. याचं उत्तर ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने देऊन ठेवलंय: पहिल्या पाच रांगांचेच भाले शत्रूपर्यंत पोचतात, मागचे लोक आपले भाले तिरके वर धरून वरून येणारे बाण अडवतात. म्हणून पुढच्या ३ तुकड्यांचे भाले रोखलेले, मागच्या ३ तुकड्यांचे उभे. तीन जोड्या झाल्या की पटावर फॅलँक्स खरोखर फॅलँक्स दिसतो, आणि हे दिसणं मला फार मोलाचं वाटतं. रोखलेलेही अगदी आडवे नकोत, ४५ अंशांत ठेवा. नाहीतर पोरसाचा हत्ती समोर आला की त्याचा बेस टेकतच नाही.

किंमत ठरवताना तार, ०.६ मिमीची किमान दोन बिटं आणि इपॉक्सी धरा. ही भर घालूनही मी हाच संच पुन्हा घेईन, पण भाल्यांशिवाय विकला तर आनंदाने. ठेवायचा डबा आतून ६० मिमी तरी उंच हवा, तळाला चुंबकपट्टी आणि बेसखाली पत्रा.