पिग्मीच्या ओळखीवर एफडी केली, पैसे अडकले

बेळगावात वडगाव-शहापूरकडं आम्ही माग चालवणारे लोक रोजची पिग्मी भरतो, म्हणजे एजंट दारात येऊन रोज थोडी थोडी ठेव घेऊन जातो, त्यामुळं पिग्मीवाला म्हणजे घरचाच माणूस, चहा घेतल्याशिवाय उठायचा नाही. त्यानंच आमच्या आईची सरकारी बँकेतली एफडी मोडून त्याच्या सोसायटीत ठेवायला लावली. तिथं सहा-सात टक्के, इथं बारा. वर म्हणतो कसा, "काकू, आमची पण बँकच की हो, पाच लाखापर्यंत सरकारी विमा आहे, कशाला भिताय?"

साफ खोटं. तो विमा डीआयसीजीसीचा, म्हणजे आरबीआयच्या ठेव विमा महामंडळाचा, २०२० पर्यंत एक लाखाचा होता, आता पाच, आणि तो बँकेतल्या ठेवीलाच, मग बँक सरकारी असू दे, प्रायव्हेट नाहीतर अर्बन को-ऑपरेटिव्ह. पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्यांना (कर्नाटकातल्या सहकारी संस्थाच त्या) तो लागूच नाही, त्यांच्यावर आरबीआयची देखरेख पण नाही.

आणि बारा टक्के द्यायचे तर कर्ज सोळा-अठराने द्यायला पाहिजे, तेवढ्यानं कोण घेणार? ज्याला बँक दारात उभं करत नाही तोच. आमच्या वर्षा-दोन वर्षाच्या एफड्या ह्यांनी एका लेआउटवाल्याला (प्लॉट पाडून विकणाऱ्याला) आणि संचालकांच्या पाव्हण्यांना लांब मुदतीनं वाटलेल्या, प्लॉट खपेनात, हप्ते थांबले तरी तेच कर्ज रिन्यू करून करून कागदावर चालू दाखवलं, तेवढ्यात ऊसबिलं थकली म्हणून खेड्यातले लोक ठेवी मोडायला आले आणि कॅश संपली.

बँकेत असं होत नाही असं नाही, मुंबईच्या पीएमसी या को-ऑपरेटिव्ह बँकेचं २०१९ ला हेच झालं, सत्तर टक्क्याच्या वर कर्ज एकट्या एचडीआयएल या बिल्डर ग्रुपला. पण बँकेला ९० दिवस हप्ता थकला की एनपीए म्हणजे थकीत कर्ज म्हणून दाखवावं लागतं, भांडवल राखावं लागतं, एका पार्टीला किती द्यायचं त्याला लिमिट असते. शिवाय २०२१ च्या दुरुस्तीनं, आरबीआयनं पैसे काढण्यावर निर्बंध लावले की विम्याचे पैसे ९० दिवसात. आम्हाला काउंटरवरनं फक्त "मुंदिन वार बन्नी", पुढच्या आठवड्यात या.

अजून एक. रिन्युअलला म्हणून ओरिजिनल पावती काढून घेतली आणि शिक्का मारलेली चिठ्ठी दिली, आता सहकार खात्याच्या रजिस्ट्रार ऑफिसात तक्रार द्यायला गेलो की पावतीच मागतात. ओरिजिनल सोडू नका, निदान दोन्ही बाजूंची झेरॉक्स तरी काढा. विमा असलेल्या बँकांची यादी डीआयसीजीसीच्या साइटवर आहे, नाव तिथं बघा, एजंटला विचारू नका. तो पिग्मीवाला आता दुसऱ्याच सोसायटीचं मशीन घेऊन खानापूर रोडकडं फिरतोय म्हणे, तुमच्याकडं आला तर विम्याचं लेखी मागा, चहा नंतर.