‘प्रशस्त’ ॲप सांगलीच्या शाळांत: चाळणी चांगली, पण आधी शिक्षकाची नजर तयार हवी

वर्गातल्या कोणत्या मुलाला जास्तीची मदत लागणार आहे, हे शिक्षकाला वेळेत कळावं म्हणून एनसीईआरटीने 2022 मध्ये ‘प्रशस्त’ ही तपासणी-सूची आणि तिचं मोबाइल ॲप आणलं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधले दिव्यांगत्वाचे सगळे 21 प्रकार तिच्यात येतात. जिल्ह्याच्या वार्षिक प्रशिक्षणात समावेशित शिक्षणाला, म्हणजे दिव्यांग मुलांनाही सगळ्यांबरोबर एकाच वर्गात शिकवण्याला, खरोखर जागा द्यायची असेल, तर सुरुवात या साधनापासून करावी.

रचना सोपी आहे. पहिला भाग वर्गशिक्षक भरतात. त्यातून जी मुलं पुढे येतात, त्यांचा दुसरा भाग विशेष शिक्षक किंवा मुख्याध्यापक भरतात आणि मग गरजेप्रमाणे डॉक्टरी तपासणीसाठी पाठवतात. ॲपमधून येतं ते निदान नव्हे, त्यामुळे त्याच्या आधारावर पालकांपुढे कुठल्याही अपंगत्वाचं नाव घेऊ नये.

सूची बिघडते ती भरण्याच्या घाईत. त्यातली विधानं मुलाच्या नेहमीच्या वागण्याबद्दल आहेत, पण शाळा उघडल्याबरोबर हजेरीपट पुढे ठेवून एका बैठकीत सगळा वर्ग उरकला जातो. अशाने शांत बसणारं, कमी ऐकू येणारं मूल हमखास सुटतं आणि दंगेखोर मूल यादीत जातं. म्हणून जूनअखेर प्रशिक्षण, जुलैभर रोजच्या कामात निरीक्षण आणि ऑगस्टमध्ये सूची, हा क्रम बरा.

आपल्या जिल्ह्यात आणखी दोन ठिकाणी फसगत होते. जत तालुक्यात कितीतरी मुलांच्या घरची भाषा कन्नड आहे. मराठी माध्यमात असं मूल पहिलीत गप्प राहिलं, सूचना उशिरा समजल्या, तर ती भाषेची अडचण असू शकते. घरच्या भाषेत तेच काम देऊन बघितल्याशिवाय सूचीत त्याच्या नावापुढे खूण करू नये. दुसरं, गळीत हंगामात वाळवा, पलूस भागात ऊसतोड कामगारांची मुलं येतात. शाळा बुडाल्यामुळे वाचता न येणं वेगळं आणि नियमित शिकवूनही अक्षर न बसणं वेगळं. या मुलांची श्रवण आणि दृष्टी तपासणी मात्र आल्या आल्या करावी, कारण पट्टा पडला, म्हणजे गळीत हंगाम संपला, की ती निघून जातात.

अध्ययन अक्षमतेचं (वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या कायमच्या अडचणीचं) प्रमाणपत्र वयाच्या 8 वर्षांनंतरच मिळतं आणि 14 व 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. पहिलीतलं मूल ‘घ’ आणि ‘ध’ची गल्लत करतं, वेलांटी विसरतं, एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. तिसरीतही तेच चालू असेल तर मात्र थांबू नये. दहावीच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर कागद आधीच तयार लागतात. नववीत धावपळ सुरू केली तर मुलाची निम्मी ताकद त्यातच जाते.

सूचीने मूल दाखवलं, पण उद्याच्या तासाला काय बदलायचं, हे शिक्षकाला हातात धरून शिकवावं लागतं, आणि वार्षिक आराखड्यात नेमकं हेच कमी पडतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 शिक्षकाला वर्षाला 50 तासांचं प्रशिक्षण सांगतं. त्यातले निदान 10 तास केंद्राच्या (जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत प्रत्यक्ष सरावाला द्यावेत, असं आमचं ठाम मत आहे. कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. आधी लिहायचं, मग वळून सांगायचं. श्रवणयंत्राची बॅटरी परिपाठाआधी बघायची. अंधुक दिसणाऱ्याला खिडकीची तिरीप फळ्यावर चमकताना दिसणार नाही अशा जागी पुढे बसवायचं आणि कार्यपत्रिका ठळक, मोठ्या अक्षरात द्यायची. वाचन अडणाऱ्याला प्रश्न वाचून दाखवायचा, उत्तर तोंडी घ्यायचं. एक सूचना, एक कृती, मग पुढची सूचना, याचा तर सगळ्या वर्गाला फायदा होतो. विशेष शिक्षकाने त्या परिषदेत भाषण करण्यापेक्षा एक पाठ घेऊन दाखवावा आणि महिनाभरात त्या वर्गात येऊन बघावं.

खरेदीचा काहीच खर्च नसल्याने लहान द्विशिक्षकी शाळेलाही हे साधन परवडतं. भरलेल्या सूचीची छापील प्रत आणि मुलासाठी केलेल्या बदलांची नोंद मुख्याध्यापकांकडे ठेवावी, म्हणजे वर्गशिक्षकाची बदली झाली तरी नव्या शिक्षकाला जूनमध्ये ती हातात मिळते.