मागच्या चाकाच्या नटांवरची माती मला दिसली होती

पुढचे ब्रेक पॅड २,८५० रुपये, डिस्क घासून घेणे ९००, मागचे ब्रेक शू १,६५०, व्हील सिलिंडरचे किट १,१००, ब्रेक ऑइल ४८० आणि मजुरी १,२००, असे गाडीच्या ब्रेकच्या कामाचे एकूण ८,१८० रुपये मी दिवाळीच्या आधी आमच्या गावाजवळच्या एका गॅरेजवाल्याला दिले. यांपैकी खरोखर झालेले काम फक्त पुढचे पॅड बदलण्याचे, आणि तेही नकली.

मी भोळा माणूस नाही. अमरावती जिल्ह्यात ३१ वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे. परंतु गॅरेजवाला माझाच जुना विद्यार्थी निघाला. पक्के बिल मागितले तेव्हा, "गुरुजी, तुमच्यासंग खोटं बोलीन काय मी?" असे म्हणत त्याने वहीच्या पानावर आकडे लिहून दिले. जुने पॅड दाखव म्हटले, तर ते भंगारवाला घेऊन गेला होता. (जुने सुटे भाग काम चालू असतानाच ताब्यात घ्यावेत, भंगारवाला नेहमी नुकताच येऊन गेलेला असतो.) विद्यार्थ्याकडे बिलासाठी अडून बसणारा शिक्षक आमच्याकडे कंजूष ठरतो, म्हणून मी गप्प राहिलो.

खरी लाज पुढेच आहे. गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचे कव्हर केव्हाच पडलेले असल्यामुळे नट उघडेच दिसतात. त्यांच्यावर संत्र्याच्या बागेतली काळी माती वाळून तडकलेली होती, आणि एका नटाला गवताची काडीही चिकटलेली होती. चाक न काढता आणि शूंवरचे गोल झाकण, म्हणजे ड्रम, न उतरवता शू बदलताच येत नाहीत, हे मला ठाऊक होते. मी वाकून ती माती पाहिली, चप्पल नीट केली आणि गाडीत बसलो. बॉनेटखालच्या डबीतले ब्रेक ऑइलही कोऱ्या चहासारखे काळपट होते; नवे ऑइल फिकट मधासारखे दिसते. तेही पाहिले. घरापर्यंतच्या सपाट रस्त्यावर ब्रेक लागत होते, एवढ्यावर मी समाधान मानले.

भाऊबीजेनंतर पत्नी आणि नातीला घेऊन चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरत असताना जळका वास येऊ लागला, पेडल स्पंजासारखे मऊ लागले आणि पुढच्या वळणाआधी थेट तळाला गेले. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. डॉट ४ प्रतीचे कोरडे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उकळलेल्या ऑइलची वाफ होते. द्रव दाबला जात नाही आणि वायू दाबला जातो, हे मी किती वर्गांना शिकवले असेल! मी चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो, ही माझी चूक मान्य आहे. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा. पण ऑइलचे पैसे मी दिले होते. तिसरा, मग दुसरा गिअर टाकला, पेडल भराभर दाबले, हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो थोडाथोडा ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीत घातली. इंजिन बंद केले नाही, कारण ते बंद पडले की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. पुढचा बंपर फुटला, त्याचे ४,३०० रुपये वेगळे.

अमरावतीच्या मेकॅनिकने माझ्यासमोर मागचा ड्रम उतरवला, तेव्हा शूचे अस्तर जवळजवळ संपलेले होते आणि शूंना ढकलणारा व्हील सिलिंडर गळत होता. तेथे ९,६४० रुपये लागले, त्याचे पक्के बिल मिळाले.

त्यानंतर पोलीस ठाण्यात गेलो. "हा तुमचा आपसातला व्यवहार आहे, अपघातात कोणी जखमी नाही ना?" असे विचारून त्यांनी अर्ज घेण्याचेच टाळले. नातीला काही झाले असते तरच या लोकांनी कागद हातात घेतला असता काय? परिवहन कार्यालयात दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते, आणि दुसऱ्या दिवशी गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही, असे तोंडी सांगण्यात आले. ते लेखी द्या म्हटल्यावर बाबू हसले. हेडलाइटचा दिवा गेला तर पावती फाडणाऱ्या यंत्रणेला खोटे ब्रेक विकणारा माणूस दिसत नाही.

ज्यांच्या गाडीचे काम चालू आहे त्यांनी निदान एवढे करावे: चाक निघताना समोर उभे राहावे, ऑइलची सीलबंद बाटली आपल्यासमोर उघडायला लावावी, आणि मोकळ्या रस्त्यावर ताशी ३०-४० किलोमीटरच्या वेगात ब्रेक लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ओळख असेल तर दुप्पट तपासावे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.

माझा अर्ज लिहून तयार आहे. सोबत मोबाइलवरच्या ८,१८० रुपयांची नोंद, अमरावतीचे बिल आणि ते वहीचे पान जोडले आहे. त्या पानावर ना सही आहे, ना गॅरेजचे नाव.