मोरपंखीचं रोप की पालकाचं बी? बाल्कनीतल्या एकाच उन्हाच्या जागेसाठी

नर्सरीच्या दारातच मोरपंखी मांडलेली असते. कंबरेएवढी, निमुळती, बारा महिने हिरवी. पालकाचं बी आत काउंटरवर, टांगलेल्या पाकिटांत असतं. बाल्कनीत चार-पाच तास ऊन येणारी जागा एकच असेल, तर या दोघांतून एकाला निवडावं लागतं. मोरपंखीचं बरंवाईट तुम्ही पैसे देण्याआधीच ठरून गेलेलं असतं. घरी आणल्यावर आहे ते फक्त टिकवायचं. पालकाचं उलट आहे. पाकीट ताजं मिळालं की पुढचं सगळं पेरणाऱ्याच्या हातात. म्हणून मोरपंखी घेताना पारखायला वेळ द्या, पालकाला पेरताना.

आधी मोरपंखी, कारण फसगत तिच्यातच जास्त होते. हे चीन-कोरियाकडचं सूचिपर्णी झाड. पोरं वहीत ‘विद्या’ म्हणून ठेवतात ती चपटी, पंख्यासारखी डहाळी हिचीच. सूचिपर्णी झाडांची एक खोड गिऱ्हाइकाला माहीत नसते: मुळं मेली तरी पाला लगेच सुकत नाही. दोन-तीन आठवडे, कधी त्याहूनही जास्त, तो हिरवाच दिसतो. त्यामुळे दुकानात उभं असलेलं रोप आतून संपलेलंही असू शकतं. घरी आणल्यावर महिनाभरात ते तपकिरी पडतं आणि लोक स्वतःच्या हाताला दोष देतात.

यावर उपाय म्हणजे हिरवा रंग बघून भुलायचं नाही, रोप हाताळून बघायचं. खोड मातीलगत धरून हलकेच हलवा. पिशवीतला मातीचा गोळा खोडासोबत हलला तर ठीक. खोड मातीत सुटं डुगडुगत असेल तर रोप नुकतंच जमिनीतून उपटून पिशवीत भरलंय, मुळं धरलेली नाहीत. मग एक डहाळी वाकवा. जिवंत डहाळी लवते आणि चुरगळली की राळेचा वास येतो. मेलेली कुरकुरते, हातात भुगा होतो. शेवटी पाला बाजूला सारून आत बघा. खोडालगतची थोडी जुनी पानं तपकिरी असणं हा झाडाचा स्वभाव आहे, पण तपकिरी टोकं बाहेरून दिसत असतील तर रोप परत ठेवा. भरगच्च दिसावं म्हणून एका पिशवीत दोन-तीन रोपं सुतळीने बांधलेलीही असतात. सुतळी सोडायला सांगा. फाकून पडलेला आकार पुन्हा जमत नाही, कारण मोरपंखीच्या उघड्या, तपकिरी फांदीवर नवा पाला सहसा फुटत नाही. छाटणीही याच कारणाने हिरव्या टोकांपुरतीच करायची.

दुसरी अडचण पिशवीतल्या मातीची. बहुतेक रोपं चिकट तांबड्या मातीत येतात. ती वाळली की विटेसारखी घट्ट होते, आणि कुंडीत लावल्यावर घातलेलं पाणी गोळ्याच्या कडेने वाहून जातं. कुंडी ओली, मुळं कोरडी. लावण्याआधी पिशवीसकट रोप वीसेक मिनिटं पाण्याच्या बादलीत ठेवा, निथळू द्या, पिशवी कापून काढा आणि काडीने गोळ्याची बाहेरची बोटभर माती मोकळी करा. गोळा फोडू नका, बारीक मुळं तुटतात. कुंडी 12 ते 14 इंची हवी. भरताना चार भाग माती, तीन भाग कुजलेलं शेणखत आणि तीन भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा घ्यावा. पहिले आठ-दहा दिवस सावलीत, मग उन्हात.

पुढे ती फारसं काही मागत नाही. वरची दोन इंच माती कोरडी झाली की पाणी, दोन महिन्यांतून मूठभर गांडूळखत. पंधरा दिवसांनी कुंडी थोडी फिरवा, नाहीतर भिंतीकडची बाजू उन्हाअभावी झडते. उन्हाळ्यात पाला धुरकट दिसू लागला तर डहाळीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर ठिपके पडून सरपटू लागले तर तो लाल कोळी. तीन-चार दिवसांआड सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पाल्याच्या आतपर्यंत मारला की बहुधा आटोक्यात येतो. कोकण-मुंबईच्या पावसात कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा. तळाचं भोक बुजलं की मुळं कुजलीच म्हणून समजा.

आता पालक. आपल्याकडचा पालक नात्याने बीटाचा भाऊ आहे, विलायती पालक वेगळा. म्हणूनच बी खडबडीत दिसतं: एक दाणा म्हणजे दोन-तीन बियांचा चिकटलेला गोळा. एका दाण्यातून दोन-तीन कोंब आले तर पेरणी दाट झाली असं वाटून घाबरू नका, एक सशक्त ठेवून बाकीचे कात्रीने कापा. उपटले तर शेजारच्याचं मूळ हलतं.

पाकिटावर फक्त दोन गोष्टी वाचा: चाचणीची तारीख आणि वैधता. चित्राकडे बघू नका. बी गुलाबी किंवा हिरव्या रंगाचं असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. हातमोजे घाला आणि उरलेलं बी स्वयंपाकघरात ठेवू नका. ‘ऑल ग्रीन’ ही जुनी, खात्रीची जात आहे. कुंडीसाठी तिच्यापुढे जायची गरज नाही.

दोन फूट बाय एक फुटाचा, आठ इंच खोल क्रेट पुरतो. साधं बी रात्रभर भिजवून सकाळी पेरा. रंग लावलेलं मात्र कोरडंच पेरा, भिजवलं की औषध धुऊन जातं. ओळींत तीन इंच, दाण्यांत दोन इंच अंतर, आणि वर अर्धा इंच माती. त्याहून खोल गेलं तर कोंब वर येताना दमतो. आठवडा-दहा दिवसांत उगवतं. उगवल्यावरचे पंधरा दिवस नाजूक असतात: सतत चिखल राहिला तर रोपं मातीलगत काळी पडून आडवी होतात. पाणी सकाळी द्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरचा थर सुकतो.

पहिली कापणी तीस-पस्तीस दिवसांनी. बुडापासून दोन बोटं वर कापा, मधला कोंब शाबूत राहिला पाहिजे. मग दर पंधरा दिवसांनी फूट येते. नीट सांभाळला तर चार-पाच कापण्या मिळतात, आणि प्रत्येक कापणीत चौघांच्या घराला एका वेळची भाजी. दर कापणीनंतर मूठभर गांडूळखत हवंच; पानं पिवळट, बारीक येऊ लागली की भूक लागली आहे असं ओळखा. पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा म्हणजे नागअळी. ते पान तोडून पिशवीत बांधून टाका, फवारणीच्या भानगडीत पडू नका, कारण हे पान आपल्याला खायचं आहे.

पालक सप्टेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतच पेरावा. ऊन तापलं आणि दिवस मोठा झाला की मधून दांडा फुटतो, पानं लहान आणि कडवट होतात. मग कितीही खत घाला, उपयोग नाही.

दोन्ही ठेवायचं ठरवलंत तर एक चूक हमखास होते: एकाच झारीने, एकाच वेळी, दोघांना सारखं पाणी. पालकाला रोज ओल लागते. तीच ओल मोरपंखीच्या मुळांवर बुरशी आणते. एका कुंडीत दोन्ही लावणं तर नकोच.

गावाला वारंवार जाणाऱ्यांनी मोरपंखी घ्यावी. लहान कुंडीत, उन्हाळ्यातही, ती दोन दिवस ओढून नेते. पालक एका दुपारीच मान टाकतो. ज्यांना रोज दहा मिनिटं हात मातीत घालायला आवडतं त्यांनी पालकच घ्यावा, आणि आमचा कौलही तिकडेच आहे. मोरपंखी चुकीची निघाली तर सगळे पैसे गेले, शिवाय ते कळतं महिन्याने. पालकात चुकलं तर दहा दिवसांत कळतं आणि त्याच पाकिटातून पुन्हा पेरता येतं. मार्चमध्ये पालकाला दांडा आला की क्रेट रिकामा करा, वरची तीन इंच माती खत मिसळून उलटीपालटी करा आणि त्यात माठ पेरा. त्याला ऊन सोसतं.